शाळा-कचेऱ्यांच्या अंगणातील मोठ्या कुंड्यांसाठी ठिबक सिंचन

पावसाळ्याच्या आरंभी राज्यातील शाळा, ग्रामपंचायत कार्यालये, आरोग्य केंद्रे आणि तालुक्याच्या कचेऱ्या यांच्या आवारात वृक्षारोपणाचे कार्यक्रम उत्साहाने पार पडतात. गेल्या काही वर्षांत अनेक आवारांत फरसबंदी किंवा काँक्रीट झाले असल्याने रोपे जमिनीत लावण्यास पुरेशी जागा उरलेली नाही. त्यामुळे सिमेंटच्या मोठ्या कुंड्या, विटांचे हौद आणि मधोमध कापलेली २०० लिटरची पिंपे यांमध्ये जास्वंद, बोगनवेल, कढीलिंब, लिंबू, चाफा, अनंत अशी झाडे लावण्याचा प्रघात पडला आहे. ही झाडे पावसाळ्यात फोफावतात, हिवाळ्यात तग धरतात आणि वैशाखाच्या उन्हात, नेमकी शाळेला सुटी असताना, वाळून जातात. जून महिन्यात त्याच कुंडीत नवे रोप लावले जाते आणि त्याच क्रमाची पुनरावृत्ती होते.

यात केवळ रोपाची किंमत वाया जाते असे नाही. ज्या मुलाने रोप लावले, त्याला ते सुटीनंतर काटकी झालेले दिसते, आणि सार्वजनिक कामे अशीच असतात, असा समज लहान वयातच त्याच्या मनात घर करतो. दुसऱ्या बाजूला, ज्या गावात टँकरच्या खेपा मोजल्या जातात, तेथे कचेरीच्या कुंड्यांना रबरी नळीने पाणी घातले जात असल्याचे पाहून लोकांच्या मनात रोष उत्पन्न झाला तर तो अनाठायी म्हणता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा प्रदेशात कुंडीतील झाड जगवावयाचे असेल, तर त्यासाठी किती पाणी लागते आणि ते कोठून येते, या दोन प्रश्नांची उत्तरे आकड्यांत देता आली पाहिजेत. ठिबक सिंचनाने ही उत्तरे देता येतात. मात्र त्यासाठी मांडणी विचारपूर्वक आणि देखभाल नियमित असावी लागते.

कुंडीतील झाडाची अडचण

जमिनीतील झाडाची मुळे ओलाव्याच्या शोधात खोलवर व दूरवर जाऊ शकतात. कुंडीतील झाडाला तशी मोकळीक नसते. अर्ध्या पिंपात सुमारे १०० लिटर माती मावते आणि त्या मातीतून मुळांना घेता येण्याजोगे पाणी मिश्रणाच्या प्रतीनुसार साधारणतः १५ ते २० लिटर इतकेच असते. शिवाय कुंडीच्या भिंती सर्व बाजूंनी तापतात आणि फरशीची धग खालून लागते. म्हणूनच शेजारचा जमिनीतील कडुनिंब हिरवागार असताना कुंडीतील जास्वंद माना टाकते.

बादलीने किंवा नळीने पाणी घालण्याच्या नेहमीच्या पद्धतीत आणखी एक दोष आहे. माती पूर्ण वाळली की ती आक्रसते व कुंडीच्या कडेपासून सुटते. नुसती काळी माती भरलेल्या कुंडीत तर बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा कुंडीत एकदम बादलीभर पाणी ओतले असता ते कडेच्या फटीतून सरळ तळाशी जाते आणि छिद्रांतून फरशीवर वाहते. वरून माती ओली दिसते, फरशीही ओली दिसते. मुळांभोवतालची माती मात्र कोरडीच राहते. पाणी घालणाऱ्याला आपण भरपूर पाणी घातले असे वाटते आणि झाड तहानलेलेच राहते. तेच पाणी थेंबाथेंबाने दिले तर मातीला ते शोषून घेण्यास अवसर मिळतो.

थेंबाची परंपरा

थेंबाथेंबाने पाणी देण्याची कल्पना आपल्या समाजाला अपरिचित नाही. महादेवाच्या पिंडीवर गळती बांधण्याची चाल सर्वांच्या परिचयाची आहे. सच्छिद्र मातीचे मडके जमिनीत पुरून त्यातून झिरपणाऱ्या पाण्यावर वेल जगविण्याची रीत तर फार जुनी असून, चीनमधील इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील एका कृषिग्रंथात तिचे वर्णन आढळते.

आधुनिक ठिबक सिंचनाचे श्रेय इस्रायलमधील अभियंते सिम्खा ब्लास यांना दिले जाते. गळक्या नळाजवळचे एक झाड इतर झाडांहून जोमाने वाढलेले पाहून त्यांचे लक्ष या विषयाकडे वेधले गेले, असे सांगतात. पुढे प्लॅस्टिक उपलब्ध झाल्यावर त्यांनी पाण्याचा वेग कमी करणारी तोटी तयार केली आणि १९६५ मध्ये नेगेव्ह वाळवंटातील हात्झेरिम या सामुदायिक वसाहतीत तिचे उत्पादन सुरू झाले. महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून या पद्धतीचा झपाट्याने प्रसार झाला. जळगावची केळी, नाशिक-सांगलीची द्राक्षे व सोलापूरचे डाळिंब यांच्या बागांतून ठिबक आज सर्वत्र दिसते. साहजिकच लागणारे साहित्य तालुक्याच्या बाजारपेठेत मिळते आणि ते जोडणारे हातही गावातच असतात. शाळेच्या कुंड्यांसाठी वेगळ्या तज्ज्ञाची गरज पडत नाही. गावातील एखादा बागायतदार हे काम एका सकाळी करून देऊ शकतो.

पाण्याचा हिशोब

कोणतेही साहित्य खरेदी करण्यापूर्वी पाण्याचा हिशोब मांडणे अगत्याचे आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे बरोबर एक लिटर, हे सूत्र लक्षात ठेवले की हिशोब सोपा होतो. मराठवाडा व विदर्भात मे महिन्यात उघड्या भांड्यातून दररोज १० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाण्याची वाफ होते. झाडाला यापैकी साधारणपणे ०.७ पट पाणी लागते असे धरावे. झाडाच्या विस्ताराची रुंदी मीटरमध्ये मोजावी, त्या संख्येला त्याच संख्येने व नंतर ०.७८५ ने गुणावे, म्हणजे विस्ताराचे क्षेत्रफळ मिळते. त्यास १० ने आणि ०.७ ने गुणले की दिवसाची गरज लिटरमध्ये निघते.

या रीतीने ६० सेंटिमीटर विस्ताराच्या झाडास दररोज सुमारे २ लिटर, ८५ सेंटिमीटर विस्ताराच्या झाडास ४ लिटर आणि १२० सेंटिमीटर विस्ताराच्या झाडास ८ लिटर पाणी लागते. विस्ताराची रुंदी दुप्पट झाली की पाण्याची गरज चौपट होते, ही गोष्ट यावरून ध्यानात येईल. उन्हाळ्यापूर्वी झाडांची हलकी छाटणी केल्यास पाण्याची गरज लक्षणीय प्रमाणात घटते, ती याच कारणाने. बोगनवेल व चाफा यांचे भागते कमी पाण्यावर. जास्वंद, अनंत आणि पाम यांना ते अधिक लागते. हा फरक अनुभवाने जुळवून घ्यावा. वाफेचे प्रमाण हिवाळ्यात सुमारे निम्म्यावर येत असल्याने त्या काळात पाणीही निम्मे पुरते.

मध्यम आकाराच्या २० कुंड्या असलेल्या शाळेचे उदाहरण घेता येईल. प्रत्येकी ४ लिटरप्रमाणे दिवसाला ८० लिटर, म्हणजे सहा आठवड्यांच्या सुटीत ३,३६० लिटर पाणी लागेल. हा आकडा ग्रामपंचायतीच्या सभेत मांडता येतो. त्यावर चर्चा होऊ शकते आणि पाणी अपुरे असल्यास कुंड्यांची संख्या कमी करण्याचा निर्णयही वेळीच घेता येतो. पन्नास कुंड्या लावून चाळीस वाळू देण्यापेक्षा वीस कुंड्या लावून वीसही जगविणे अधिक शहाणपणाचे होय.

टाकी स्वतंत्र असावी

या योजनेत सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ठिबकाची जोडणी पिण्याच्या पाण्याच्या टाकीला कदापि करू नये. सुटीच्या काळात एखादी नळी निखळली किंवा खारीने कुरतडली तर रात्रीतून संपूर्ण टाकी रिकामी होण्याचा संभव असतो. शिवाय ठिबकातून खत दिले जात असल्यास ते पाणी उलट दिशेने टाकीत जाण्याचा धोका राहतो. यास्तव कुंड्यांसाठी ५०० लिटरची स्वतंत्र टाकी ठेवावी. वरील उदाहरणातील शाळेला ती सहा दिवस पुरेल. आठवड्यातून ठरलेल्या दिवशी ती भरली की पाण्याचा हिशोब आपोआप राहतो आणि काही बिघाड झालाच तर नुकसान त्या ५०० लिटरपुरतेच मर्यादित राहते. टाकी काळी किंवा प्रकाश आत न जाणारी असावी व तिला घट्ट झाकण असावे. त्यामुळे शेवाळ धरत नाही आणि डासांनाही थारा मिळत नाही.

पाण्याचा दाब टाकीच्या उंचीवर अवलंबून असतो. बाजारात मिळणाऱ्या तोट्यांवर ताशी २, ४ किंवा ८ लिटर असा जो आकडा असतो, तो सर्वसाधारणपणे १० मीटर उंचीच्या पाण्याएवढ्या दाबाला धरलेला असतो. शाळेच्या छपरावरील टाकीची उंची कुंड्यांपासून जेमतेम ४ मीटर भरते. एवढ्या दाबावर ताशी ४ लिटरच्या साध्या तोटीतून सुमारे अडीच लिटर पाणी येते. उंची अडीच मीटर असल्यास प्रवाह निम्म्यावर, म्हणजे ताशी २ लिटरवर येतो. हे ध्यानात न घेतल्यामुळे अनेक ठिकाणी झाडांना ठरविल्यापेक्षा कमी पाणी मिळते. दाब कमी-जास्त झाला तरी प्रवाह सारखा ठेवणाऱ्या महागड्या तोट्याही मिळतात. परंतु त्यांना काम करण्यासाठी किमान दाब लागतो. कमी उंचीच्या टाकीवर त्या उपयोगी पडत नाहीत. तेथे साधी तोटीच बरी.

मांडणी

टाकीच्या तळाजवळील जोडापासून क्रमाने एक कॉक, एक जाळीची गाळणी आणि त्यापुढे १६ मिलिमीटरची काळी नळी, म्हणजे बाजारातील भाषेत लॅटरल, अशी रचना असते. गाळणी १२० मेशची असावी. ती गाळून टाकते असा कण डोळ्यांना जेमतेम दिसतो, तथापि तोटीचा मार्ग बंद करण्यास तेवढाच पुरेसा होतो. गाळणीवरील खर्च वाचविणे म्हणजे सर्व खर्च पाण्यात घालणे होय.

लॅटरल कुंड्यांच्या मागील बाजूने, भिंतीलगत न्यावी. येण्याजाण्याच्या वाटेवरून ती नेऊ नये. उन्हाने नळी लांबते व रात्री आखडते. ती ताणून बसविल्यास जोड निसटतात, म्हणून थोडी ढील ठेवावी. जोड बसविताना नळीचे टोक गरम पाण्यात क्षणभर धरले की ते मऊ होऊन सहज चढते. प्रत्येक कुंडीजवळ पंचाने लॅटरलला भोक पाडून छोटा जोड बसवावा आणि त्यापासून बारीक नळी, म्हणजे मायक्रोट्यूब, कुंडीच्या मागील काठावरून आत घ्यावी. तिच्या टोकाला तोटी बसवून ती खुंटीने पक्की करावी. तोट्या बसविण्यापूर्वी लॅटरलमधून पाच मिनिटे पाणी सोडून नळी धुऊन घ्यावी, कारण भोके पाडताना सुटलेले प्लॅस्टिकचे कीस आत राहतात. लॅटरलचे शेवटचे टोक बुचाने बंद करावे. तेच बूच पुढे नळी धुण्यासाठी उपयोगी पडते.

मोठ्या कुंडीत एकच तोटी पुरत नाही. थेंब जेथे पडतो त्याखालील मातीच तेवढी भिजते, आणि वाळू किंवा काथ्याचा भुसा अधिक असलेल्या मिश्रणात ओलावा बाजूला न पसरता सरळ खाली उतरतो. म्हणून अर्ध्या पिंपाएवढ्या कुंडीत खोडाच्या दोन बाजूंस दोन तोट्या द्याव्यात. त्या खोड आणि काठ यांच्या मध्यावर असाव्यात. खोडाशी सतत ओल राहिल्यास ते बुंध्याशी कुजते.

वरील उदाहरणात ४ मीटर उंचीच्या टाकीवर प्रत्येक कुंडीला दोन तोट्यांतून ताशी ५ लिटर पाणी मिळते. ४ लिटरसाठी ४८ मिनिटे लागतात. ती सकाळी २४ व सायंकाळी २४ मिनिटे अशी विभागल्यास पाणी तळातून वाहून जात नाही. त्याउपरही कुंडीखाली पाणी साचू लागले तर ते अधिक होत आहे असे समजून वेळ कमी करावा. लहान-मोठी झाडे एकाच नळीवर असल्यास तोट्यांची संख्या बदलून पाणी कमी-जास्त करता येते.

कुंडीची तयारीही तितकीच महत्त्वाची आहे. पोयट्याची माती, चांगले कुजलेले शेणखत आणि भरड वाळू यांचे मिश्रण वापरावे. तळाची छिद्रे बंद होऊ नयेत म्हणून कुंडी दोन विटांवर ठेवावी. मातीवर वाळलेला पाला, उसाचे पाचट किंवा नारळाचा काथ्या यांचा ५ सेंटिमीटर जाडीचा थर द्यावा. तो नसेल तर दिलेल्या पाण्यातील मोठा वाटा उन्हालाच जातो. कुंडीखाली ताटली ठेवू नये. ताटलीतील साचलेले पाणी म्हणजे डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होय.

तपासणी : गणिताचा एक पाठ

ठिबक बसविले म्हणजे काम संपले, असा समज सर्वत्र आढळतो, आणि या व्यवस्था निकामी होण्याचे मुख्य कारण तोच असतो. तोट्या एकाएकी बंद पडत नाहीत. क्षारांचा थर हळूहळू चढून प्रवाह मंदावत जातो, आणि झाड सुकू लागेपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही. यावर उपाय मोजणीचा आहे व तो शाळेतील मुलांना सहज करता येण्याजोगा आहे.

प्रत्येक तोटीखाली पेला ठेवून बरोबर ६ मिनिटे पाणी जमा करावे. सहा मिनिटे म्हणजे तासाचा दहावा भाग. तेव्हा जमलेल्या पाण्याची दहापट केली की ताशी प्रवाह मिळतो. २५० मिलिलिटर भरले तर प्रवाह ताशी अडीच लिटर आहे. बारा तोट्या मोजून त्यांची सरासरी काढावी. त्यानंतर सर्वांत कमी पाणी देणाऱ्या तीन तोट्यांची सरासरी काढून तिची सर्वसाधारण सरासरीशी तुलना करावी. समजा, सर्वसाधारण सरासरी २५० मिलिलिटर आहे आणि शेवटच्या तीन तोट्यांनी २१०, २२० व २३० मिलिलिटर पाणी दिले. त्यांची सरासरी २२०, म्हणजे ८८ टक्के समानता. ९० टक्के किंवा अधिक समानता उत्तम समजावी. ती ८० टक्क्यांखाली घसरल्यास सफाई हाती घ्यावी. क्षेत्रफळ, सरासरी, शेकडेवारी आणि काळ-काम-वेग हे सर्व पाठ या एका प्रयोगात प्रत्यक्ष उतरतात.

गाळणी दर आठवड्याला, टाकी भरण्याच्याच दिवशी, धुवावी आणि लॅटरलच्या शेवटचे बूच काढून नळीतील गाळ वाहू द्यावा. विंधन विहिरीचे पाणी जड असल्यास तोटीच्या तोंडाशी पांढरा थर धरतो. उघडता येणाऱ्या तोट्या रात्रभर लिंबाच्या रसाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवल्या की तो थर सुटतो. शेतात याकरिता तीव्र आम्ल वापरतात. शाळेच्या आवारात ते आणू नये. असेच क्षार कुंडीच्या मातीतही साठतात. काठावर पांढरी रेघ दिसू लागल्यास पाण्याची परिस्थिती पाहून एखाद्या वेळी तळातून पाणी वाहीपर्यंत ते द्यावे. पुढे पावसाळ्यातील सरी हे काम करतातच. पाऊस सुरू होताच कॉक बंद करण्यास मात्र विसरू नये.

सुटीतील जबाबदारी

सुटीत कॉक कोणी उघडावयाचा, हा प्रश्न यंत्राने सोडविण्याची कल्पना आकर्षक वाटते. बॅटरीवर चालणारे टायमर बाजारात मिळतात. परंतु त्यांपैकी अनेकांतील झडप उघडण्यास नळाचा दाब लागतो आणि छपरावरील टाकीच्या अल्प दाबावर ती नीट चालत नाही. अशा ठिकाणी मोटरने फिरणाऱ्या कॉकचा टायमर निवडावा आणि तो सुटीपूर्वी निदान आठ दिवस चालवून पाहावा. टायमर असला तरी आठवड्यातून एकदा टाकी भरणारा, गाळणी धुणारा आणि वीस कुंड्यांवरून नजर फिरविणारा माणूस लागतोच. त्याचे नाव सुटी लागण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीने ठरवून नोंदवहीत लिहावे. त्याच वहीत टाकी भरल्याची तारीख, भरलेले पाणी आणि मोजणीचे आकडे यांची नोंद व्हावी.

खर्चाविषयी एक गोष्ट स्पष्ट असावी. सूक्ष्म सिंचनासाठी असलेले शासकीय अनुदान शेतकऱ्यांच्या शेतीकरिता आहे. त्यावर अंगणातील कुंड्यांचा भार टाकता येणार नाही. हा खर्च संस्थेच्या निधीतून किंवा लोकसहभागातून करावयाचा असून तो मोठा नाही. लॅटरल व तोट्या खरेदी करताना भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहून घ्यावे, कारण हलक्या प्रतीची नळी उन्हात लवकर तडकते.

एवढीही सोय नसेल तेथे मोठ्या कुंडीत मातीचे छोटे, कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरून ते दर दोन-तीन दिवसांनी भरावे व झाकून ठेवावे. दवाखान्यात वापरलेल्या सलाईनच्या नळ्या झाडांना लावण्याचा प्रकार काही ठिकाणी दिसतो. तो मात्र तत्काळ थांबविला पाहिजे. अशा नळ्या २०१६ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतात आणि मुलांच्या हाती त्या पडणे धोक्याचे आहे.

या कामाचा आरंभ फेब्रुवारीत व्हावा. प्रथम कुंड्या मोजाव्यात, झाडांचा विस्तार मोजावा आणि दिवसाच्या पाण्याचा आकडा फळ्यावर लिहावा. मार्चमध्ये जोडणी पूर्ण करून मुलांकडून पहिली मोजणी करून घ्यावी, आणि एप्रिलच्या ग्रामसभेत किंवा मासिक सभेत पाण्याचा स्रोत व जबाबदार व्यक्ती निश्चित करावी. टंचाई तीव्र झाल्यास कोणत्या कुंड्यांचे पाणी आधी थांबवावयाचे, तेही त्याच सभेत ठरलेले असावे. याप्रमाणे तयारी झालेल्या आवारात मे महिन्यातील पाण्याचा प्रत्येक लिटर कोठे गेला याचे उत्तर नोंदवहीत सापडेल, आणि जूनमध्ये शाळेत परतणाऱ्या मुलाला त्याने लावलेले झाड त्याच कुंडीत उभे दिसेल.